कोयत्याचं पाणी आणि टेंपर्ड काच

प्रश्न : गावात आलेल्या घिसाड्यानं लालभडक कोयता पाण्यात बुडवला आणि नंतर पुन्हा विस्तवावर धरला. तो कशासाठी? मोबाईलच्या टेंपर्ड काचेलाही असंच पाणी देतात का?

उत्तर : त्या दुसऱ्या तापवण्यातच कारागिराचा खरा कस लागतो. तापलेल्या पोलादात कार्बन लोखंडात विरघळलेला असतो. पाण्यात बुडवताच त्याला बाहेर पडायला सवड मिळत नाही आणि तो जागीच अडकतो. पातं कमालीचं कठीण होतं, पण ठिसूळही. तसाच कोयता गाठीवर बसला तर धारेचा टवका उडेल. हलक्या आचेवर धरल्यावर थोडा कार्बन बारीक कणांच्या रूपानं सुटतो आणि आतला ताण सैलावतो. कठीणपणा जरा घटतो, चिवटपणा मात्र येतो.

आच किती, हे कारागीर रंगावरून ओळखतो. घासून उजळ केलेल्या पात्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो. २२० ते २३० अंश सेल्सिअसला तो फिकट पिवळा दिसतो, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० च्या सुमारास निळा. वस्तऱ्याचं काम पिवळ्यावर थांबतं, स्प्रिंगचं निळ्यापर्यंत जातं. हे रंग काही क्षणांत सरकतात. थर्मामीटरशिवाय ते नेमके पकडणाऱ्या नजरेला मी मोठी विद्या मानतो.

कार्बन कमी असलेलं साधं लोखंड मात्र पाणी धरतच नाही. म्हणून तर ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांना लोहारांकडे मागणी असते.

काचेची गोष्ट वेगळी. गाडीच्या बाजूची काच ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झटकन थंड करतात. पृष्ठभाग आधी घट्ट होतो, गाभा नंतर आकसतो आणि पृष्ठभागाला दाबून धरतो. पुन्हा तापवणं नाही. मोबाईलवरची काच यासाठी फार पातळ पडते. ती बहुधा वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवतात. काचेतल्या सोडियमची जागा मोठ्या आकाराचं पोटॅशियम घेतं आणि पृष्ठभाग दाटतो. म्हणजे बुडवणं आहे, पण पाण्यात नाही.

घरी ग्राइंडरवर कोयता लावत असाल तर धार निळी पडू देऊ नका. निळी पडली की तिथलं पाणी उतरलं आणि ती जागा लवकर बोथट होणार. पातं हाताला चटका देण्याआधीच पाण्यात बुडवत राहा.