अटकेची वाट पाहू नका

पोलिसांनी उचलले की केस सुरू झाली आणि केस सुरू झाली की वकील गाठायचा, असा आपल्याकडचा सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते यातला पहिला भाग चुकीचा आहे आणि म्हणूनच दुसरा महाग पडतो. फौजदारी प्रकरण अनेकदा अटकेच्या कितीतरी आधी कागदावर सुरू झालेले असते. त्या मधल्या काळात माणूस कुणाचाही सल्ला न घेता जे बोलतो, जे लिहून देतो आणि ज्यावर सह्या करतो, त्यावरच पुढचे सगळे उभे राहते. पनवेलजवळच्या सुकापूरसारख्या वस्तीत तर हे अधिकच खरे. माथेरान रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती उभ्या राहिल्या, गावकीचे जुने हिशेब आणि शहराची दाटी एकाच जागी आली. फ्लॅटचा ताबा, टोकनची रक्कम, भाडेकरूची अनामत, सोसायटीचे पाणी, पार्किंग, भावकीतली जमीन, हे वाद मुळात दिवाणी. पण एक पक्ष चिडून खांदेश्वरच्या किंवा पनवेलच्या ठाण्यात अर्ज देतो आणि वादाचा रंगच पालटतो. समोरच्याला मात्र आपण अजून सोसायटीच्या मीटिंगमध्येच बसलो आहोत असे वाटत असते.

प्रकरण सुरू होण्याच्या वाटा एकाहून अधिक आहेत, हे आधी समजून घ्यायला हवे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७३ खाली दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवायचा असतो. ठाण्याची हद्द आड येत नाही. ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच सांगितले होते की अशी नोंद करणे पोलिसांच्या मर्जीवर नाही. त्याच निकालाने वैवाहिक आणि व्यापारी व्यवहारांसारख्या प्रकरणांत प्राथमिक चौकशीला वाव ठेवला. नव्या संहितेनेही तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मुभा दिली आहे. अदखलपात्र बाब असेल तर ‘एनसी’ होते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. पोलिसांनी दाद दिली नाही तर फिर्यादी थेट न्यायालयात जातो. चेक न वटल्याची प्रकरणे तर ठाण्याचे तोंडही न पाहता उभी राहतात. बँकेकडून चेक परत आल्याचे कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यावर पैसे देण्यासाठी पंधरा दिवस, आणि ते उलटल्यावर एका महिन्यात फिर्याद. या साखळीत सगळ्यांत मोलाचे दिवस म्हणजे ते पंधरा. तेवढ्यात रक्कम चुकती झाली तर गुन्हाच पुरा होत नाही. आणि नेमक्या त्याच दिवसांत ती नोटीस टीव्हीखालच्या खणात पडून असते. अलीकडे आणखी एक वाट झाली आहे. कुठल्या तरी दूरच्या राज्यात सायबर फसवणुकीची तक्रार होते, त्या पैशाची एक फांदी इथल्या कुणाच्या खात्यात येते आणि खाते गोठते. प्रकरणाची पहिली खबर पोलिसांकडून न येता बँकेच्या संदेशातून येते.

कागद कोणत्या नावाने सुरू झाला, याने किती फरक पडतो हे पनवेलकरांनी जवळून पाहिले आहे. नवी मुंबई पोलिसांतल्या सहायक निरीक्षक अश्विनी बिद्रे एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता झाल्या. पोलीस दप्तरी त्या कित्येक महिने ‘मिसिंग’ होत्या. अपहरणाचा गुन्हा नोंदला गेला तो जानेवारी २०१७ मध्ये, कळंबोली ठाण्यात. वरिष्ठ निरीक्षक अभय कुरुंदकर याला अटक झाली डिसेंबर २०१७ मध्ये, आणि पनवेलच्या सत्र न्यायालयाने त्याला खुनासाठी दोषी ठरवून जन्मठेप सुनावली ती एप्रिल २०२५ मध्ये. बेपत्ता होण्यापासून गुन्हा नोंदण्यापर्यंत नऊ महिने, गुन्ह्यापासून अटकेपर्यंत दहाहून अधिक, आणि बेपत्ता होण्यापासून निकालापर्यंत नऊ वर्षे. हे उदाहरण फिर्यादीच्या बाजूचे आहे आणि इथे पीडित स्वतः पोलीस अधिकारी होती, हे खरे. तरी त्यातून दिसते ते दोन्ही बाजूंना लागू आहे. अटक हा प्रकरणाचा मधला टप्पा असतो, आणि त्याआधीच्या काळात कोणता कागद झाला नि कोणता झाला नाही, याची किंमत पुढे वर्षानुवर्षे मोजावी लागते.

आता कायदा वकील कधी देतो ते पाहू. संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता येतो. सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नेमका कधी जागा होतो, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये, मुंबई हल्ल्यातल्या अजमल कसाबच्या अपिलात दिले. अटकेतल्या माणसाला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर पहिल्यांदा उभे केले जाते तेव्हा तो हक्क सुरू होतो, आणि त्याला त्याची पुरती जाणीव करून देणे हे त्या दंडाधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे, असे न्यायालय म्हणाले. खटल्याच्या वेळी वकील नसेल तर खटलाच रद्द ठरू शकतो. त्याआधीच्या टप्प्यावर वकील नव्हता एवढ्यावरून मात्र तो रद्द होत नाही, आरोपीचे खरे नुकसान झाल्याचे दाखवावे लागते, हेही त्याच निकालात आहे. दोन्ही वाक्ये एकत्र वाचली की माझा मुद्दा स्पष्ट होतो. प्रकरण अर्जापासून सुरू होते आणि राज्याचे हमखास संरक्षण पहिल्या रिमांडपासून. मधली जागा नागरिकाने स्वतःच भरून काढायची आहे.

त्या मधल्या जागेत सगळ्यांत महत्त्वाचा कागद म्हणजे ठाण्यातून येणारी नोटीस, आणि तिच्यावरचे कलम वाचायला कुणालाही जमते. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७९ असेल तर तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावले आहे. स्त्रिया, पंधरा वर्षांखालची मुले, साठ वर्षांवरचे आणि गंभीर आजारी यांना तर त्यासाठी घराबाहेर पडायला भाग पाडता येत नाही. कलम ३५ असेल तर गुन्ह्याचा वाजवी संशय तुमच्यावर आहे, पण तूर्त अटकेची गरज वाटत नाही, असा त्याचा अर्थ. अर्नेश कुमार प्रकरणातल्या २०१४ च्या निकालापासून सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करायची नाही हे ठरलेले आहे, म्हणून ही नोटीस येते. तिचे पालन केले तर लेखी कारणांशिवाय अटक होत नाही. ती टाळली तर अटकेचे कारण आपणच पुरवतो. साक्षीदार म्हणून बोलावलेला पुढे आरोपी होऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे. या नोटिसा व्हॉट्सॲपवर बजावणे पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले आहे. आणि व्हिडिओ कॉलवर वर्दी घालून ‘डिजिटल अरेस्ट’ करणारे तर शुद्ध भामटे. तसली अटक कुठल्याच कायद्यात नाही.

यावर जाणकार आक्षेप घेतात की पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात चालतच नाही, मग एवढी धास्ती कशाला? नियम बरोबर आहे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये तो आहे, आणि तपासातल्या जबाबावर सही घ्यायची नाही असेही संहिता सांगते. पण त्याच कलम २३ ला अपवाद जोडलेला आहे. कोठडीतल्या आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तिच्याशी थेट जोडलेला सांगण्याचा भाग पुराव्यात येतो. दुसरे म्हणजे, गुन्हा नोंदण्याआधीच्या अर्ज चौकशीत स्वतः लिहून दिलेला खुलासा हा तपासातला जबाब नव्हेच. तपासातल्या जबाबाचे संरक्षण त्याला मिळेल असे धरून चालता येत नाही. तिसरे, आणि आपल्याकडे सर्रास घडणारे, म्हणजे ‘मिटवून टाका’ म्हणत घेतलेला माफीनामा किंवा स्टँप पेपरवरची तडजोड. ‘माझ्याकडून चूक झाली, रक्कम तीन महिन्यांत देतो’ या एका ओळीने दिवाणी वादाला फसवणुकीची कबुली चिकटू शकते. ती ओळ वकिलाने लिहिली असती तर तडजोड तीच राहिली असती आणि कबुली गेली असती.

दुसरा आक्षेप अधिक खोल रुजलेला आहे. निर्दोष माणसाला वकील कशाला, वकील घेऊन गेलो तर संशय वाढेल, असे चांगली शिकलेली माणसेही म्हणतात. संशय वाढतो की नाही हे त्या अधिकाऱ्याच्या स्वभावावर असेल, पण गप्प राहणे किंवा सल्ला घेणे हा गुन्ह्याचा पुरावा धरता येत नाही. नंदिनी सत्पथी या ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री. त्यांच्याच प्रकरणात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वतःला गोवणाऱ्या प्रश्नाला उत्तर न देण्याचा हक्क चौकशीच्या टप्प्यापर्यंत मागे नेला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण इथे गैरलागू आहे, कारण फौजदारी प्रकरणात पायरी चढायची की नाही हे दुसराच कुणी ठरवतो. वकील प्रकरण वाढवतात, फीसाठी घाबरवतात, ही तक्रार मात्र मी खोडून काढणार नाही. असे वकील आहेत. त्यावर उपाय म्हणजे दुसऱ्या वकिलाचे मत घेणे. सरपंच, माजी नगरसेवक किंवा ‘साहेब आपल्या ओळखीचे’ म्हणणारा मध्यस्थ हा उपाय नव्हे. मध्यस्थाच्या शब्दाची नोंद कुठेच होत नाही, आणि तुम्ही दिलेल्या कागदाची होते.

प्रत्येक वेळी वकील हवाच असेही नाही. पासपोर्टची पडताळणी, हरवलेल्या मोबाइलची तक्रार, यासाठी फी मोजणे वेडेपणाच. द्रुतगती मार्गावर अपघातग्रस्ताला रुग्णालयात नेणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनेच संरक्षण दिले आहे. त्याला नाव सांगण्याचीही सक्ती नाही. माझी कसोटी साधी आहे. कागदात तुमच्यावर काही आरोप आहे का, तुमच्याकडून लेखी उत्तर, दस्तऐवज किंवा फोन मागितला आहे का, किंवा तुम्ही ज्याच्याशी भांडलात त्याने तक्रार केल्याचे कळले आहे का? यातले एक जरी ‘हो’ असेल तर आधी सल्ला. अटकपूर्व जामिनासाठी एफआयआर होईपर्यंत थांबावे लागत नाही, हे १९८० च्या सिब्बिया निकालापासून पक्के आहे. अटकेची वाजवी भीती पुरते. संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर चढवायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. त्यामुळे आपले नाव कुठे आले आहे का, हे पाहताही येते.

अटक झालीच तर मुद्दे थोडे, पण पक्के आहेत. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे, नातलगाला कळवणे, वैद्यकीय तपासणी, चौकशीदरम्यान वकिलाला भेटू देणे. पूर्ण वेळ त्याला शेजारी बसवण्याचा हक्क मात्र नाही. मुंबईतल्या वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघात प्रकरणातून उभ्या राहिलेल्या मिहीर शहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितले की अटकेची कारणे लेखी आणि आरोपीला कळणाऱ्या भाषेत द्यायची. लगेच शक्य नसेल तर रिमांडसाठी नेण्याच्या किमान दोन तास आधी. ते दोन तास वकिलाने वाचण्यासाठीच आहेत. पंधरा दिवसांची पोलीस कोठडी पूर्वी पहिल्या पंधरवड्यातच संपायची. आता ती गुन्ह्याप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येते, म्हणून जामिनाचा विचारही पहिल्या दिवसापासून करावा लागतो.

राहिला पैशाचा प्रश्न. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतला कुणीही यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. महाराष्ट्रात वर्षाला तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतरांनाही मिळतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१९ च्या योजनेत अटकेपूर्वीच्या टप्प्यावरही ही मदत आहे. रायगड जिल्ह्याचे प्राधिकरण अलिबागला आहे आणि मदतवाहिनीचा क्रमांक १५१०० आहे. ठाण्यातून नोटीस आली तर तिच्यावरचे कलम आणि तारीख वाचा, फोटो काढून ठेवा, आणि हजर राहण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ती एखाद्या वकिलाला दाखवा.