'नीतिमत्त्व', 'भाव' आणि 'पतितपावन' : एका ख्रिस्ती संकल्पनेची मराठी रूपे

मराठी ख्रिस्ती साहित्याचा अभ्यास बहुधा धर्मांतराच्या इतिहासाच्या किंवा भाषिक नमुन्यांच्या अंगाने होतो. या साहित्याच्या मुळाशी असलेल्या संकल्पना कोणत्या मराठी शब्दांचा आश्रय घेतात आणि ते शब्द त्यांना कोणते वळण देतात, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. विश्वासाच्या द्वारे सर्वांना लाभणारे नीतिमत्त्व ही अशीच एक मध्यवर्ती संकल्पना होय. प्रस्तुत लेखात तीन शब्दांच्या आधारे तिचा विचार केला आहे.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या व चौथ्या अध्यायांत या संकल्पनेची मांडणी आढळते. नियमशास्त्राच्या पालनाने कोणीही देवापुढे निर्दोष ठरत नाही. ख्रिस्तावरील विश्वासाने मात्र यहुदी व यहुदीतर असा भेद न राहता सर्वच ठरू शकतात, असे त्याचे प्रतिपादन आहे. त्यासाठी तो अब्राहामाचा दाखला देतो. अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला गेला तो सुंतेपूर्वी. म्हणजेच कुळ आणि संस्कार यांचा अधिकार प्राप्त होण्याच्या आधी.

येथे पहिली अडचण शब्दाची आहे. मूळ ग्रीक 'दिकायोस्युने' या शब्दात न्यायाचा अर्थ अंतर्भूत आहे आणि पौलाच्या विवेचनात न्यायासनापुढे निर्दोष ठरविले जाण्याची कल्पना प्रभावी आहे. मराठी बायबलमध्ये रूढ झालेला 'नीतिमत्त्व' हा शब्द मात्र वाचकाला सदाचरणाकडे नेतो. आचरणाच्या बळावर जे मिळत नाही असे पौल म्हणतो, त्याचेच नाव आचरणवाचक असावे, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

दुसरा शब्द 'भाव'. त्याचे सामर्थ्य जाणून घेण्यासाठी आजच्या हिंगोली जिल्ह्यातील दोन स्थळांकडे वळणे उपयुक्त ठरते. नरसी हे परंपरेने नामदेवांचे (१२७०-१३५०) जन्मस्थान मानले जाते. औंढा नागनाथ येथे त्यांना विसोबा खेचरांचा उपदेश लाभला, अशीही परंपरा आहे. औंढ्याची आख्यायिका सर्वपरिचित आहे. मंदिरासमोर कीर्तन करणाऱ्या शिंपी नामदेवांना पुजाऱ्यांनी उठविले. ते मागील बाजूस जाऊन बसले आणि मंदिरच त्यांच्याकडे फिरले. अधिकारभेद नाकारून देव स्वतः वगळलेल्याकडे तोंड करतो, हा तिचा आशय पौलाच्या 'भेद नाही' या प्रतिपादनाच्या अत्यंत निकट जातो.

तथापि हे साम्य मर्यादित आहे. आख्यायिकेत नामदेवांच्या उत्कट भक्तीची देवाने दिलेली पोच दिसते. पौलाच्या मते विश्वास ही माणसाची कमाई नव्हे. देव अधर्मी माणसालाही निर्दोष ठरवितो. 'भाव' हाच नवा अधिकार मानला, तर जन्माची उतरंड जाऊन उत्कटतेची उतरंड येण्याचा धोका संभवतो. भक्तिपरंपरेलाही या धोक्याची जाण होती. विठ्ठलाच्या निकट असलेल्या नामदेवांनाच गोरोबांच्या परीक्षेत कच्चे मडके ठरविणारी कथा याच परंपरेने जपली आहे.

म्हणूनच तिसरा शब्द अधिक जवळचा वाटतो. 'पतितपावन' हे विशेषण माणसाच्या गुणाविषयी काहीच सांगत नाही. ते देवाचा स्वभाव सांगते. पौलाच्या विचाराचा गाभाही हाच आहे. भेद उरतो तो असा की, पौलाच्या लेखी ही कृपा ख्रिस्ताच्या वधस्तंभाशी, एका ऐतिहासिक घटनेशी अविभाज्यपणे जोडलेली आहे.

या जवळिकीचा आणि अंतराचा प्रत्यय मराठी ख्रिस्ती लेखकांच्या चरित्रांत येतो. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आल्याचे म्हटले आणि अभंग व कीर्तन ही रूपे स्वीकारली. १९१७ मध्ये साताऱ्यास त्यांनी आरंभिलेल्या 'देवाचा दरबार' या उपक्रमात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान होते. 'सर्वांसाठी' या शब्दाचा त्यांनी लावलेला तो अर्थ होता. पंडिता रमाबाईंचा मार्ग निराळा होता. १८८३ साली बाप्तिस्मा घेऊनही आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त नव्हे, अशी कबुली त्यांनी पुढे दिली. सिद्धांताचा स्वीकार आणि विश्वास यांतील हे अंतर त्यांनी स्वतः अनुभवले होते. केडगावी त्यांनी केलेले व १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेले बायबलचे भाषांतर सामान्य वाचकांसाठी सोप्या मराठीत असावे, हा त्यांचा आग्रह या अनुभवाशी सुसंगतच होता.

सारांश, 'नीतिमत्त्व' हा शब्द न्यायाचा अर्थ अंशतः गमावतो, 'भाव' हा शब्द कृपेला माणसाच्या बाजूने पाहतो, तर 'पतितपावन' तिला देवाच्या बाजूने पाहतो. यांपैकी कोणताही शब्द एकटा पुरेसा नाही. म्हणून टिळक-रमाबाईंचे लेखन शिकविताना 'हे संतांसारखेच आहे' किंवा 'हे सर्वस्वी परके आहे' अशी सोपी उत्तरे टाळली पाहिजेत. औंढ्याचे फिरलेले मंदिर या साहित्याच्या आकलनाला दिशा देते. तेथून पुढे मात्र पौलाचा प्रश्न त्याच्याच संदर्भात वाचावा लागतो.