उंबराचे फूल

(द्वितीय वर्ष, कला)

बऱ्याच दिवसांनी कोणी भेटले, की 'अगदी उंबराचे फूल झालात हो!' असे आपण सहज बोलून जातो. ही उपमा मराठीत इतकी मुरली आहे, की उंबराला खरोखर फूल येते काय, आणि येत असल्यास ते दिसत का नाही, हे विचारण्याचे कष्ट कोणी घेत नाही. माझी आजी सांगे, की उंबर मध्यरात्री फुलतो आणि ते फूल ज्याच्या दृष्टीस पडेल त्याच्या घरी लक्ष्मी पाणी भरते. आमच्या कुळात ते आजवर कोणाला दिसले नाही, हे उघडच आहे.

वनस्पती आणि प्राणी यांचे प्रजनन हा वास्तविक विज्ञान शाखेचा विषय. मी मराठीची विद्यार्थिनी. दहावीनंतर शास्त्राच्या पुस्तकाशी माझा संबंध उरला नाही. पण या विषयाकडे मी भाषेच्या दाराने आले, आणि आत गेल्यावर असे दिसले की एकाच फळात एका झाडाचा आणि एका कीटकाचा असे दोन वंश एकमेकांच्या आधाराने वाढतात. शाळेत आपण शिकलो त्यात फूल उघड्यावर असे; वारा, भुंगा किंवा फुलपाखरू येई, पराग नेई आणि काम संपे. जास्वंदीचे किंवा आंब्याच्या मोहराचे तसे आहे. उंबराने मात्र सगळा संसार घराचे दार लावून मांडला आहे.

प्रथम आपल्या पूर्वजांनी काय पाहिले ते पाहू. संस्कृतात 'वनस्पती' या शब्दाचा एक जुना अर्थ 'फुलावाचून फळणारे झाड' असा आहे. मनुस्मृतीत तो येतो आणि आयुर्वेदाच्या ग्रंथांतही येतो. वड, पिंपळ, उंबर ही त्या अर्थाची खरी 'वनस्पती'. आज आपण गवतापासून गुलाबापर्यंत सर्वांना तोच शब्द लावतो, म्हणजे न फुलणाऱ्यांचे नाव फुलणाऱ्यांनाही मिळाले! छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, वडाचे फळ आणून फोडायला सांगतो. मुलाला आत बारीक दाणे दिसतात. दाणा फोडल्यावर काहीच दिसत नाही, आणि त्या न दिसणाऱ्यातूनच हा महावृक्ष उभा आहे, असा बोध बाप करतो. तत्त्वज्ञान थोर आहे. तरीपण मला राहून राहून वाटते, की फळ थोडे आधी, हिरवे असताना फोडले असते तर श्वेतकेतूला फुले दिसली असती.

फळातले किडे मात्र सर्वांना दिसले होते. अमरकोशात उंबराला 'जंतुफल' असा पर्याय दिला आहे. जैन श्रावकांनी वर्ज्य मानलेल्या गोष्टींत मद्य, मांस व मध यांच्याबरोबर पाच उदुंबर फळे येतात, ती याच कारणाने. पार्ल्यात जैन कुटुंबे पुष्कळ आहेत. माझी आई ज्या घरी पोळ्या करायला जाते, त्या घरच्या आजींना मी याविषयी विचारले, तेव्हा त्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "त्यात जीव असते, बेटा. ते त्यांचा घर आहे." शास्त्रज्ञांनाही हे विधान बदलावे लागणार नाही.

आता प्रत्यक्ष उंबराकडे वळू. फायकस रेसिमोझा हे त्याचे शास्त्रीय नाव. वड, पिंपळ, अंजीर ही सारी याच फायकस प्रजातीतली भावंडे; जगात तिच्या साडेसातशेहून अधिक जाती आहेत. आपण ज्याला उंबराचे फळ म्हणतो ते फूल नव्हे आणि सुरुवातीला फळही नव्हे. ती एक बंद कुपी आहे. वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत तिला 'कुंभासनी पुष्पबंध' असे सुरेख नाव आहे. सूर्यफुलाच्या चकतीवर अनेक लहान फुले दाटीने बसलेली असतात, ती चकती कडेने वर वळवून तिचे तोंड जवळजवळ मिटवून टाकले, तर जे होईल ते उंबर. हजारो बारीक फुले आतल्या बाजूला तोंड करून बसलेली असतात. काही स्त्रीपुष्पे, काही पुंपुष्पे. टोकाला एक छिद्र असते, पण तेही खवल्यांनी झाकलेले. म्हणजे फूल दुर्मिळ तर नाहीच. प्रत्येक उंबरात हजारांनी आहे. फक्त ते आपल्यासाठी उघडत नाही.

मग पराग आत कोण नेणार? वाऱ्याला वाट नाही, मधमाशी शिरू शकत नाही. ते काम एका चिलटाएवढ्या कीटकाचे आहे. तो गांधीलमाशीच्या गणगोतातला असून त्याची लांबी जेमतेम दोन मिलिमीटर भरते. शास्त्रात त्याला सेराटोसोलेन फ्युसिसेप्स म्हणतात. मी पुढे नुसती 'माशी' म्हणेन. फळ योग्य अवस्थेत आले, की झाड एक विशिष्ट वास सोडते आणि त्या वासाच्या धाग्याने माशी येते. (२०१६ साली पार्ल्याचा बिस्किटांचा कारखाना बंद झाला. तोवर गाडीत डोळे मिटून बसले तरी पार्ले आले हे आम्हा मुलांना कळे. त्यामुळे माशीचे मला फारसे नवल वाटले नाही.) मादी त्या छिद्रातून खवल्यांमधून अंग रेटत आत शिरते. वाट इतकी अरुंद, की तिचे पंख तेथेच तुटतात, मिशाही बहुधा तुटतात. आता परतीचा प्रश्न उरला नाही.

आत अंधारात ती दोन कामे करते. तिच्या छातीवर परागाचे छोटे खिसे असतात. त्यांतला पराग काढून ती स्त्रीपुष्पांना लावते. हा पराग चुकून अंगाला चिकटलेला नसतो. तो तिने जन्माच्या झाडावर मुद्दाम भरून घेतलेला असतो. आणि त्याच वेळी ती काही फुलांच्या किंजपुटात अंडी घालते. ज्या फुलांचा दांडा आखूड त्यांत तिचे अंडे सहसा पोचते. तेथे बी न होता गाठ होते आणि अळी तीच खाऊन वाढते. ज्यांचा दांडा लांब त्यांत बी धरते. झाड आपल्या होणाऱ्या बियांतला काही वाटा माशीच्या पोरांना देते आणि त्या मोबदल्यात उरलेल्या बिया पदरात पाडून घेते. अंडी घालून झाली की माशी तेथेच मरते.

काही आठवड्यांनी प्रथम नर बाहेर पडतात, पण फळाच्या बाहेर नव्हे, नुसते आपल्या गाठीच्या बाहेर. त्यांना पंख नसतात. माद्या अजून आपापल्या गाठीत असतानाच नर त्या गाठी कुरतडतात आणि मीलन तेथेच होते. नंतर नर फळाच्या भिंतीला भोक पाडतात व मरून जातात. ज्या भोकातून ते स्वतः कधी उडणार नाहीत, ते भोक पाडणे एवढेच त्यांचे आयुष्य. नेमक्या याच सुमारास छिद्राजवळची पुंपुष्पे पिकलेली असतात. माद्या तेथून परागाचे खिसे भरतात आणि उडतात. आणखी एक गंमत अशी, की या कीटकांत फलित अंड्यातून मादी व अफलित अंड्यातून नर निपजतो. म्हणजे नराला बाप नसतो.

'उंबरातल्या किड्याला उंबर हेच जग' असे आपण संकुचित माणसाविषयी म्हणतो. नराच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे. मादीच्या बाबतीत नाही. एका झाडावरची फळे साधारण एकाच अवस्थेत असतात, म्हणून तिला त्याच झाडावर पुन्हा जागा मिळत नाही. दुसरे, नुकते वासाला आलेले झाड शोधावे लागते, आणि त्यासाठी तिच्यापाशी एक-दोन दिवसांचेच आयुष्य असते. ती वाऱ्यावर स्वार होऊन जाते. आफ्रिकेत नामिबियाच्या वाळवंटात उंबराचीच एक भाऊबंद जात नदीच्या कडेने विरळ वाढते. तेथे झाडांच्या व रोपांच्या आनुवंशिक तपासणीतून २००९ साली असे दाखवण्यात आले, की माशीने पराग १६० किलोमीटरपर्यंत नेला होता. पार्ल्याहून निघालेली माशी नाशिकच्या अलीकडे-पलीकडे पोचावी, इतके हे अंतर आहे. ही म्हण बनवणाऱ्याने बहुधा नरच पाहिला असावा. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली, आणि मुलगी. म्हणून हा भाग मी दोनदा वाचला, हे लपवत नाही.

या घरात चोरही शिरतात. काही परक्या माश्या आत जाण्याचे कष्ट न घेता बाहेरूनच सुईसारखी लांब नळी फळात खुपसून अंडी घालतात. पराग वगैरे काही देत नाहीत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत उंबर आणि त्याचे कीटक यांवर बराच काळ अभ्यास झाला आहे. रेनी बोर्जेस यांचे नाव त्यात प्रमुख आहे. त्याच संस्थेतील संशोधकांनी २०१४ साली दाखवले, की अशा एका माशीच्या नळीच्या टोकात जस्त असते, आणि त्यामुळे कठीण हिरवे फळ भोसकले तरी टोक झिजत नाही. केसापेक्षा बारीक सुईला धातूचे पाणी!

माशी नसेल तर काय होते, याचे उदाहरण कॅलिफोर्नियात घडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे स्मर्ना जातीच्या अंजिराची झाडे नेऊन लावली. झाडे जोमाने वाढली, पण फळे पिकण्याआधीच गळत. १८९९ साली तिची माशी तेथे नेऊन स्थिरावली, तेव्हा कोठे पीक हाती आले. आपल्या पुरंदरच्या अंजिराला, ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, माशीची गरज नाही. ते परागावाचून पिकते आणि शेतकरी फांदी लावून झाड वाढवतो. तेथे प्रजननाचे काम माणसानेच अंगावर घेतले आहे. उंबराला असा कोणी माळी नाही. त्याची फळे तांबट, कोकीळ, वटवाघळे खातात आणि बिया कोठेही टाकतात. पार्ल्याच्या जुन्या इमारतींच्या गच्चीवर, पावसाच्या पाइपामागे जी रोपे उगवतात ती याच मार्गाने.

आता आमच्या चाळीविषयी. पार्ले पूर्वेला आम्ही राहतो त्या चाळीच्या मागे एक उंबर आहे. आमचे मूळ गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी. औदुंबर आणि नरसोबाची वाडी ही दत्ताची ठिकाणे त्याच नदीवर. म्हणून आई दर गुरुवारी या झाडाला प्रदक्षिणा घालते. चाळीचा पुनर्विकास ठरला आहे आणि झाड तोडण्याविषयीची नोटीस त्याच्या बुंध्यावर लागली आहे. महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे अशा वेळी लोकांकडून हरकती मागवतात. मी हरकत लिहायला बसले, तेव्हा बाबा म्हणाले, "पोरी, झाडासाठी घर अडवणार का?" प्रश्न खोटा नाही. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच जण राहतो; स्वतःचे न्हाणीघर मलाही हवे आहे, आणि ते नको असे म्हणण्याचा साळसूदपणा मी करणार नाही. शेजारच्या काकूंचे म्हणणे, उंबर तोडणे पाप, पण त्याऐवजी दुसरीकडे एक रोप लावले की दोष जातो.

हिशेब येथेच चुकतो. रोपाला फळ धरायला वर्षे लागतात. माशीपाशी दोन दिवस आहेत. वर्षभर या झाडावर नाही तर त्या झाडावर फळ तयार असेल, तरच तिची साखळी टिकते. आमचा उंबर हा पार्ले, अंधेरी, सांताक्रूझ असा पसरलेल्या झाडांच्या रांगेतला एक थांबा आहे. असे थांबे गाळत गेले, तर उभी राहिलेली झाडेही हळूहळू वांझ होतील. ती हिरवी राहतील, सावली देतील, त्यांना प्रदक्षिणाही घालता येतील. म्हणून मी हरकतीत 'इमारत नको' असे लिहिले नाही. गाड्या ठेवण्याची जागा आराखड्यात झाडाच्या बाजूला दाखवली आहे, ती समोर हलवावी, एवढेच लिहिले. बाबांनी ती दोनदा वाचून सही केली. आईने मात्र विचारले, "फुलाचं लिहिलंस का?" ते लिहिले नव्हते, मग एक ओळ वाढवली. सुनावणी व्हायची आहे.

ज्यांना हे फूल पाहायचे असेल त्यांनी लाल, पिकलेले उंबर घेऊ नये. त्यात फुलांचा काळ संपलेला असतो. उंबराला फळे बुंध्यावर व जुन्या जाड फांद्यांवर घोसाने लागतात, त्यामुळे झाडावर चढण्याचे कारण नाही. कोवळे, हिरवे, घट्ट फळ एकच घ्यावे. चीक फार निघतो, म्हणून हाताला आधी तेल लावावे. धारदार पात्याने देठापासून छिद्रापर्यंत उभा छेद द्यावा आणि प्रयोगशाळेतले साधे भिंग धरावे. भिंतीला आतून दाटीने लागलेल्या गुलाबीसर, तांबूस केसरांची जी मखमल दिसते, ती फुले. वेळ बरोबर साधली असेल तर त्यांवर पंख नसलेली एक काळसर माशी फिरताना दिसेल. तिच्या तोंडाशी दिवा फार वेळ धरू नये. तिला अजून काम असते.