श्वास चालू, श्वसन बंद

'श्वास' आणि 'श्वसन' हे शब्द बोलताना आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. जीवशास्त्रात मात्र त्यांत भेद आहे. हवा आत घेणे व बाहेर सोडणे म्हणजे श्वासोच्छ्वास. पेशीत अन्नातील ऊर्जा मोकळी करणारी रासायनिक क्रिया म्हणजे पेशीश्वसन. हा भेद नीट ध्यानात यावा म्हणून एक सत्य घटना पाहू.

२९ सप्टेंबर १९८२ रोजी सकाळी, अमेरिकेतील शिकागो शहराच्या एका उपनगरात, बारा वर्षांच्या एका मुलीने बरे वाटत नाही म्हणून 'टायलेनॉल' या वेदनाशामक औषधाची कॅप्सूल घेतली. थोड्याच वेळात ती कोसळली आणि मरण पावली. त्याच दिवशी दुसऱ्या उपनगरातील सत्तावीस वर्षांचा एक धडधाकट माणूस असाच अचानक दगावला. हृदयविकाराचा झटका आला असावा, असे प्रथम वाटले. शोकाकुल आप्त त्याच्या घरी जमले. धाकट्या भावाचे डोके दुखू लागले, म्हणून त्याने व त्याच्या पत्नीने घरातल्याच बाटलीतील कॅप्सूल घेतल्या. भाऊ त्याच दिवशी गेला, त्याची पत्नी १ ऑक्टोबरला. अशा रीतीने एकूण सात जणांचा बळी गेला.

एकाच घरात तीन मृत्यू! साथीचा रोग असेल का? विषारी वायू असेल का? घराच्या पाहणीसाठी गेलेल्या एका परिचारिकेने बाटलीतील कॅप्सूल मोजल्या. बाटली त्याच दिवशी विकत घेतलेली होती आणि तीत सहा कॅप्सूल कमी होत्या. तीन माणसे, सहा कॅप्सूल. तिचा संशय बळावला. पण तिचे म्हणणे आरंभी कोणी फारसे मनावर घेतले नाही. पुढे तपासनिसांना बाटल्यांतून कडू बदामासारखा वास आला. (हा वास सर्वांना येत नाही, तो ओळखण्याची क्षमता काही जणांत जन्मतःच नसते.) रासायनिक परीक्षणात पोटॅशियम सायनाइड आढळले. कोणीतरी दुकानांतील बाटल्या उघडून कॅप्सूलमध्ये विष भरले होते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. सायनाइडने माणूस इतक्या झटपट का मरतो?

या विषबाधेत सुरुवातीला रोगी धापा टाकत असतो, म्हणजे फुप्फुसांत हवा जातच असते. रक्तातही ऑक्सिजन भरपूर असतो. एरवी शरीरभर फिरून हृदयाकडे परतणारे नीलेतील रक्त काळपट लाल असते, कारण पेशींनी त्यातील ऑक्सिजन काढून घेतलेला असतो. येथे मात्र नीलेतील रक्तही लालभडक दिसू शकते. याचा अर्थ असा, की ऑक्सिजन दारापर्यंत पोहोचला, पण पेशीला तो वापरता आला नाही.

का, हे समजण्यासाठी तंतुकणिकेत डोकावले पाहिजे. ग्लुकोजचे पहिले विघटन पेशीद्रवात होते. त्यातून एका रेणूमागे एटीपीचे केवळ दोन रेणू निव्वळ मिळतात. पुढे तंतुकणिकेत क्रेब चक्र चालते व त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन तिच्या आतल्या पटलावरील साखळीकडे सोपवले जातात. स्लॅब टाकताना मजूर रांगेने उभे राहून घमेली हातोहात पुढे देतात, तशीच ही साखळी. शेवटचा मजूर म्हणजे 'सायटोक्रोम ऑक्सिडेज' हे विकर. ते इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देते, हायड्रोजन आयन त्यात मिळतात आणि पाणी तयार होते. या वहनाच्या जोरावरच बहुतांश एटीपी निर्माण होतो. एका ग्लुकोजपासून एकूण सुमारे ३० ते ३२ रेणू मिळतात. जुन्या पुस्तकांत ३६ किंवा ३८ हा आकडा आढळेल.

सायनाइड या शेवटच्या मजुराचेच हात बांधते. विकरातील लोहाच्या अणूला ते घट्ट चिकटते. मग मागची सारी रांग भरल्या घमेल्यांनिशी खोळंबते, क्रेब चक्रही थांबते. पेशी केवळ पहिल्या विघटनावर तग धरू पाहते; पायरुविक आम्लाचे लॅक्टिक आम्ल होऊन रक्ताची आम्लता वाढते. मेंदू व हृदय यांना एटीपीचा अखंड पुरवठा लागतो. त्यामुळे तेच आधी हार मानतात.

यावरचा एक उतारा याच रसायनशास्त्रातून लाभला आहे. हायड्रॉक्सोकोबालामिन या द्रव्यातील कोबाल्टचा अणू सायनाइडला आपल्याकडे ओढून घेतो. त्यातून ब-१२ जीवनसत्त्व तयार होते आणि ते मूत्रावाटे बाहेर पडते.

उत्पादक कंपनीने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या बाजारातून परत मागवल्या. औषधाच्या बाटलीच्या तोंडाशी आज जे मोहोरबंद आवरण दिसते, त्याची सक्ती अमेरिकेत या घटनेनंतर झाली. या खुनांबद्दल मात्र आजवर कोणावरही आरोप ठेवला गेलेला नाही.

पाठगत प्रश्न
१. सायनाइडची बाधा झालेल्या रोग्याच्या नीलेतील रक्त लालभडक का दिसते?
२. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेल्या माणसाला कार्बन मोनॉक्साइडची बाधा होते. हा वायू मुख्यतः रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटतो. येथे ऑक्सिजनची वाट कोठे अडते? सायनाइडशी तुलना करून चार-पाच वाक्यांत लिहा.