रजेचं आधी विचारा

मूल होऊ देण्याचा विचार करणाऱ्या पारलिंगी नोकरदारांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: ‘ऑफिस चांगलं आहे, वेळ आली की देतील रजा’ या भरवशावर राहू नका. साहेब बदलतात, नियम राहतो. आणि नियमात रजा आहे ती स्त्रीला. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन २६ आठवड्यांची भरपगारी रजा आली, ती तिच्यापुरतीच. त्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच. कागदोपत्री ‘पुरुष’ अशी नोंद करून घेतलेला ट्रान्स पुरुष गरोदर राहिला, तर या चौकटीत तो बसतच नाही. पितृत्व रजेचं म्हणाल, तर ती केंद्र सरकारी नोकरीत १५ दिवसांची. खासगी नोकरीत कायद्याने तेवढीही नाही. सिझेरियन झालेल्या माणसाने पंधरा दिवसांत कामावर जायचं कसं?

‘कायद्यातच नाही, आम्ही काय करणार?’ हे ठरलेलं उत्तर मला पटत नाही. कायद्यातली रजा ही किमान रजा; त्याहून जास्त द्यायला कुठल्याही मालकाला मनाई नाही. मनाई आहे ती भेदभावाला, आणि २०१९ च्या पारलिंगी व्यक्तींच्या कायद्यातलं कलम ९ ती नोकरीच्या बाबतीत स्पष्टपणे करतं. असे कर्मचारी असतात तरी किती, असंही विचारतात. थोडे असतील तर खर्चही थोडाच येणार ना! गैरफायद्याची भीती तर अगदीच पोकळ. बाळंतपणाचा दाखला डॉक्टर देतात, दत्तकाचा आदेश जिल्हा दंडाधिकारी.

तेव्हा एचआरला आधीच ईमेल करा: बाळंत होणाऱ्या कर्मचाऱ्याला, कागदावर लिंग काहीही असो, पगारी रजा किती? धोरणाबद्दलची चौकशी म्हणून हे स्वतःची ओळख न उघड करताही विचारता येतं. तोंडी होकारावर थांबू नका. टाळाटाळ झाली तर २०१९ च्याच कायद्याप्रमाणे आस्थापनेने नेमायच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जा. आधार, ऑफिसची नोंद आणि दवाखान्याची फाइल, तिन्हींवर नाव एकच हवं. स्पेलिंगच्या फरकावरूनही अर्ज परत येतो. बाळाच्या जन्मदाखल्यावर आई कोण, वडील कोण यावर अडलं, तर केरळ उच्च न्यायालयाचा जून २०२५ चा निकाल दाखवा. एका पारलिंगी जोडप्याच्या बाळाच्या दाखल्यावर दोघांची नावं नुसती ‘पालक’ म्हणून घालायला त्या न्यायालयाने सांगितलं आहे. महाराष्ट्रातल्या निबंधकावर तो थेट बंधनकारक नाही, तरी अर्जाला त्याची प्रत जोडाच.