कृत्रिम रबराचे चिकटद्रव्य

आदिलाबादहून हैदराबादच्या हमरस्त्याने दक्षिणेस निघाले की निर्मल लागते. २०१६ पर्यंत हे गाव आदिलाबाद जिल्ह्यातच होते. येथील प्रसिद्ध खेळणी पोणिकी नावाच्या हलक्या, मऊ लाकडाची करतात आणि त्यांच्या कामात चिंचोक्याची खळ वापरतात. खळीतले पाणी लाकडात मुरते, काही हवेत उडून जाते, आणि सांधा धरतो. सुताराच्या पांढऱ्या गोंदाचे तत्त्वही हेच. जोडायच्या दोन वस्तूंपैकी निदान एकीने तरी पाणी प्यायला हवे.

आता लोखंडी पत्र्यावर रबराची पट्टी बसवायची आहे, किंवा चपलेला रबरी तळ लावायचा आहे, असे समजा. दोन्ही बाजू पाणी न पिणाऱ्या. पांढरा गोंद मध्ये अडकून आठवडाभर ओलाच राहील. अशा जागी कारागीर डब्यातले पिवळसर, उग्र वासाचे ‘सोल्युशन’ काढतो. हे बहुधा निओप्रीन या कृत्रिम रबराचे द्रावण असते.

निओप्रीनचा जन्म अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत झाला. नॉटरडेम विद्यापीठातील ज्युलियस न्यूलंड या धर्मगुरू-प्राध्यापकाने ॲसिटिलीनवर केलेले संशोधन त्याच्या मुळाशी होते. १९३० मध्ये वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटातील आर्नोल्ड कॉलिन्स यांना क्लोरोप्रीन मिळाले. त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन रबरासारखा पदार्थ बनला. पुढे नायलॉन शोधून काढणारे कॅरोदर्स ते हेच.

या रबराच्या लांब साखळ्यांची रचना बरीच नियमित असते. त्यामुळे द्रावक उडाल्यावर त्या शेजारी शेजारी रचल्या जाऊन स्फटिकासारख्या घट्ट होतात. सांध्याला तत्काळ बळ येते ते यामुळे. डब्यात रबराखेरीज टोल्युईनसारखा द्रावक, उष्णता सोसण्यासाठी फिनॉलिक राळ आणि मॅग्नेशियम व जस्ताची ऑक्साइडे असतात. रबरातून कालांतराने सुटणारे हायड्रोक्लोरिक आम्ल ही ऑक्साइडे शोषून घेतात.

बहुतेकांची चूक होते ती वापरण्यात. ओले असतानाच जोडायचे ही खळीची सवय येथे घात करते. हे द्रव्य दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावावे आणि वाळू द्यावे. बोटाच्या मागील बाजूने स्पर्श केला असता बोटाला लागत नाही, तरी किंचित ओढ जाणवते, तेव्हा जोडावे. घाई केली तर द्रावक आत कोंडतो आणि उन्हात फुगे येतात. एका टेबलाच्या सनमायकावर असे फुगे मी स्वतः आणले आहेत! डब्यावर दहा-वीस मिनिटे लिहिलेली असतात, पण आदिलाबादच्या मे महिन्यात ती निम्मीही लागत नाहीत. पावसाळ्यात उलट अडचण येते. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतील बाष्प त्यावर धरते, पांढुरकी साय दिसू लागते. त्या सायीवर काही चिकटत नाही.

एकदा टेकले की सरकवता येत नाही. म्हणून मोठा तक्ता बसवताना मध्ये लाकडी पट्ट्या ठेवून तो नेमका जुळवावा, मग एकेक पट्टी काढीत मधून कडेकडे रूळ फिरवावा. येथे दाब किती वेळ दिला यापेक्षा किती जोराचा दिला याला महत्त्व आहे.

आणि वास. टोल्युईनची वाफ हवेच्या तिप्पट जड असते. ती जमिनीलगत पसरत शेजारच्या खोलीतील पेटत्या स्टोव्हपर्यंत पोहोचू शकते. सुमारे ४ अंश सेल्सियसलाच टोल्युईन ठिणगीने पेट घेण्याइतकी वाफ सोडते, म्हणजे आपल्याकडे बारमाही. जपानात १९६० च्या दशकात घरोघरी चपला चिकटवणाऱ्या कामगारांच्या हातापायांच्या नसा निकामी होऊ लागल्या. कारण निघाले चिकटद्रव्यातील हेक्झेन हा द्रावक. नाकाला वासाची सवय होते, मज्जातंतूंना होत नाही. दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवून, शक्य तर ओसरीवर काम करावे, आणि लहान मुलांना डब्याजवळ फिरकू देऊ नये. वास घेऊन नशा करण्याचा प्रकार मुलांमध्ये आढळतो आणि तो जिवावर बेततो.

द्रावकाऐवजी पाण्यात विखुरलेल्या निओप्रीनचे चिकटद्रव्यही आता मिळते. त्याला तो वास नाही, आगीचे भय नाही. वाळायला मात्र वेळ जास्त लागतो, पावसाळ्यात तर फारच.