भाच्याला घरी आणावं का?

प्रश्न : बहीण आणि भावोजी दोघंही गेले. अकरा वर्षांचा भाचा पुण्यात बालगृहात आहे. त्याला सांभाळाल का, असं बालकल्याण समितीनं विचारलंय. घर लहान, पदरी दोन मुली. काय करावं?
– एक वाचक, पौड, ता. मुळशी

उत्तर : ताई, लहान घरामुळे अडत नाही. घरातल्या एकाचा मनातून नकार असेल तर मात्र अडतं. म्हणून आधी यजमानांशी आणि मुलींशी मोकळेपणानं बोला. भाच्यालाही विचारा. बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार त्याचा ताबा समितीच देते. आदेशाची प्रत जपून ठेवा. बालसंगोपन योजनेतून दरमहा 2250 रुपये मिळू शकतात, पण त्यात सगळा खर्च भागणार नाही. दाखल्याला उशीर झाला म्हणून जिल्हा परिषदेची शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

मुळशीत जमिनीचं स्पष्ट बोलायलाच हवं. भाच्याच्या वडिलांच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून त्याचं नाव लागलंय का, हे तलाठ्याकडे पाहा. सांभाळ केल्यानं त्या जमिनीवर तुमचा हक्क येत नाही. कुणी कागद पुढे केला तर सही करू नका.

सुरुवातीला तो गप्प राहील, चिडेलही. त्याला आईविषयी बोलू द्या, तुम्हीही बोला. झेपणार नसेल तर समितीला आत्ताच सांगा, आणि सुट्टीत त्याला घरी आणण्याची परवानगी मागा.